सामानाची यादी आणि मुक्कामांची यादी

सायकलवरून एकट्याने अख्खा खंड पार करायचा असं एकदा डोक्यात शिरलं की आपल्यासारखी आयटीवाली माणसं पहिली गोष्ट काय करतात? एक्सेल उघडतात. पहिल्या कॉलमात वस्तू, दुसऱ्यात वजन (ग्रॅममध्ये), तिसऱ्यात किंमत. तंबू, स्लीपिंग बॅग, जादा ट्यूब, पंक्चर किट, पॉवर बँक. मग चमचा टायटॅनियमचा घ्यावा की प्लास्टिकचा, यावर तीन रात्री रिसर्च. चमच्याचे पाच-सहा ग्रॅम वाचतात आणि रोजच्या दोन वडापावांचा हिशोब मात्र कुठल्याच कॉलमात नसतो :-)

यादीला माझा विरोध नाही. यादी हवीच. पण हे उद्योग ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी खरोखर केले, त्यांच्याबद्दल वाचायला लागलं की एक गोष्ट ठळक दिसते. त्यांची सामानाची यादी अगदी छोटी आणि दुसरी एक यादी भलतीच लांब. ही दुसरी यादी म्हणजे मुक्कामांची. कुठे थांबता येईल, कोण दार उघडेल, कुठे कोणता कागद दाखवावा लागेल. आणि ती यादी कशी तयार होते, कोणाच्या नशिबी येते आणि कोणाच्या येत नाही, हे समजून घ्यायला पार पॅटागोनियाला जायची गरज नाही. डहाणू-तलासरीपर्यंत गेलं तरी पुरतं. कसं ते सांगतो.

सुरुवात थॉमस स्टीव्हन्सपासून करू. पुढचं चाक प्रचंड आणि मागचं एवढंसं, अशी ती जुनी उंच सायकल घेऊन हा गडी एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि डिसेंबर १८८६ मध्ये जपानला योकोहामात पोचला. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. हँडलवरच्या पिशवीत काय होतं? मोजे, एक जादा शर्ट, एक रेनकोट (तोच तंबू, तोच अंथरूण-पांघरूण) आणि एक पिस्तूल. संपली यादी. त्याची खरी अडचण सामानाची झालीच नाही. ती झाली अफगाणिस्तानात. पुढे जाऊ देणार नाही म्हणून त्याला मागे पाठवलं गेलं. बिचारा उलटा फिरून कॉन्स्टँटिनोपलला गेला, तिथून बोटीने कराची, आणि मग लाहोर ते कलकत्ता ग्रँड ट्रंक रोडने सायकल हाणली. म्हणजे पहिल्याच प्रदक्षिणेत सायकलने दगा दिला नाही, सीमेने दिला.

आता मुंबईकडे येऊ. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रवासाला निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कपाडिया. सगळे विशीतले, बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे. पंजाब, बलुचिस्तान, इराण, बगदाद. तिथून अलेप्पोपर्यंत मेसोपोटेमियाचं ९५६ किलोमीटरचं वाळवंट २३ दिवसांत. मग युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन. १८ मार्च १९२८ ला मुंबईत परतले ते तिघे: हकीम, बापासोला आणि भुमगरा. सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांच्या पुस्तकाला पुढे जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. इतकं असूनही आपल्यापैकी किती जणांना ही नावं शाळेत ऐकल्याचं आठवतं? असो.

त्यांच्या पाठोपाठ जानेवारी १९२४ मध्ये आणखी एक पारशी निघाला, आणि हा मात्र एकटा. फ्रामरोझ दावर, पेशाने क्रीडापत्रकार. व्हिएन्नापर्यंत तो एकटाच गेला. तिथे त्याला गुस्ताव श्ताव्यानिक नावाचा ऑस्ट्रियन भेटला आणि तो याच्याबरोबर निघाला तो निघालाच. सहारा, अँडीज, अॅमेझॉन. सात वर्षं, सुमारे १,१०,००० किलोमीटर. पुढे १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ असे तिघे अफगाणिस्तानमार्गे निघाले, ते १९४२ मध्ये परत आले. सुमारे ८४,००० किलोमीटर.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. पहिली तुकडी: ७१,००० किलोमीटर, १,६१६ दिवस. दिवसाला सरासरी ४४ किलोमीटर. दावर: १,१०,००० किलोमीटर, सात वर्षं. दिवसाला सरासरी ४३. मला हे आकडे बघून मजा वाटली. वेगळी माणसं, वेगळे रस्ते, आणि सरासरी जवळपास सारखी! आणि ४४ किलोमीटर म्हणजे किती? सपाट रस्त्यावर धड सायकल असेल तर साधारण तीन तास. दर रविवारी ठाण्याहून येऊरला जाणारा माणूससुद्धा थोडा सराव करून एवढं मारेल.

मग उरलेले एकवीस तास? ते जातात पाणी शोधण्यात, रात्री कुठे पडायचं ते बघण्यात, ताप उतरायची वाट बघण्यात, बोटीच्या तारखेसाठी थांबण्यात, साहेबाच्या सहीसाठी बाकड्यावर बसण्यात, लोकांच्या त्याच त्या प्रश्नांना उत्तरं देण्यात. खंड पार करणं म्हणजे तीन तास सायकल आणि एकवीस तास मुक्काम. आणि आपण तयारी करतो ती फक्त त्या तीन तासांची!

कागदांचंही बघा. पहिल्या महायुद्धाआधी जगातल्या कितीतरी सीमा पासपोर्टशिवाय ओलांडता येत. युद्धाने ते संपवलं. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि पासपोर्टची ठरावीक नमुन्याची पुस्तिका ठरली. हिंदुस्थानातही १९२० सालीच पासपोर्टचा कायदा आला. म्हणजे ही पारशी पोरं निघाली तेव्हा पासपोर्ट ही नवीकोरी भानगड होती. पण एक सोय होती. मुंबईपासून क्वेट्ट्यापर्यंत एकच सरकार. घरातून निघाल्यावर पहिली खरी सीमा लागायची ती इराणची.

इराण! इथेच आपण डहाणूला पोचतो.

या तिन्ही मोहिमा पारशांच्याच असाव्यात हा काही योगायोग नव्हे, असं मला वाटतं. हाताशी बरा पैसा, इंग्रजी शिक्षण, व्यायामाचे क्लब ही कारणं आहेतच. पण या समाजाचा इतिहासच मुळात मुक्कामांच्या यादीसारखा आहे. आणि त्या यादीतली पहिली काही नावं डहाणू-तलासरीच्या आसपासच सापडतात. तलासरीवरून गुजरातची हद्द ओलांडली की जवळच संजाण. इराणहून निघालेले जरथोस्ती तिथे उतरले असं १६०० च्या सुमारास नवसारीत लिहिल्या गेलेल्या ‘किस्सा-इ-संजाण’मध्ये सांगितलं आहे. त्याची आठवण म्हणून १९२० मध्ये तिथे स्तंभ उभा राहिला. पुढे संजाणवर हल्ला झाला तेव्हा पवित्र अग्नी, इराणशाह, घेऊन ही माणसं डोंगरात गेली. तो डोंगर डहाणू तालुक्यात, घोलवडजवळ. बहरोटच्या गुहा. परंपरा सांगते की अग्नी तिथे बारा वर्षं होता. मग चौदा वर्षं वांसद्याला, मग नवसारीला, आणि अखेर १७४२ पासून उदवाड्याला. तो अजून तिथेच तेवतो आहे.

विचार करा, पेटता अग्नी हलवायचा आहे. सरपण लागणार, आडोसा लागणार, पहारा लागणार आणि वाटेतल्या माणसांची परवानगी लागणार. यातलं पाठीवरच्या पिशवीत काय मावेल? जवळपास काहीच नाही. सगळं मुक्कामावर मिळवायचं. म्हणून तर एवढ्याशा अंतराला शतकं लागली.

दुसरी लाट आली एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला. यझ्द आणि केरमानच्या जरथोस्तींवर जिझिया होता, छळ होता, वर दुष्काळ. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून इराणला पाठवलं. तीसेक वर्षांच्या खटपटीनंतर १८८२ मध्ये जिझिया रद्द झाला. या काळात तिथून माणसं निघत होती. कोणी गाढवा-उंटांच्या तांड्याबरोबर, कोणी आखातातल्या बंदरातून जहाजाने. मुंबईत आधी पोचलेला नातेवाईक असायचा. त्याच्याकडे उतरायचं, त्याच्या हॉटेलात कपबश्या विसळायच्या, मग स्वतःचं काहीतरी बघायचं. इराणी हॉटेलं तशीच उभी राहिली. आणि त्यातलेच काही बीबीसीआय रेल्वेने (ही लाइन १८६४ मध्येच मुंबईपर्यंत आली होती) उत्तरेला डहाणू, घोलवड, बोर्डीकडे गेले. जमिनी घेतल्या, वाड्या लावल्या. २०१६ मध्ये ज्याला जीआय टॅग मिळाला त्या घोलवडच्या चिकूमागे या वाड्यांचाही इतिहास आहे.

म्हणजे १९२३ मध्ये मुंबईची पारशी पोरं ज्या दिशेला सायकल घेऊन निघाली, त्याच दिशेने उलटी माणसं येऊन डहाणूत स्थिरावत होती. मुंबईत १९२२ मध्ये इराण लीग स्थापन झाली होती. कराची, क्वेट्ट्यात पारशी वस्ती होती; केरमान, यझ्द, तेहरानात जरथोस्ती होते. पोरांच्या हातातला नकाशा नवा असेल, पण वाट सगळीच परकी नव्हती. ज्याला आपण ‘साहस’ म्हणतो त्याच्या खाली असं एक नेटवर्क असतं. आपल्या भाषेत बोलायचं तर अॅप्लिकेशन एकट्याचं असलं तरी इन्फ्रास्ट्रक्चर बाप-आजोबांनी टाकलेलं असतं.

पण थांबा. या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती डहाणू-तलासरीत गेल्यावर टाळता येत नाही.

ज्या वाड्यांमध्ये परमुलखातून आलेल्यांना मुक्काम मिळाला, त्या वाड्यांवर राबत होते वारली. इथल्या सावकार-जमीनदारांत हिंदू, मुसलमान, पारशी, इराणी असे सगळेच होते. वेठ म्हणजे फुकट राबणं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी वर्षानुवर्षं मालकाकडे खपायचं, ही लग्नगड्याची पद्धत. स्वतःच्या जंगलात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या मर्जीने गाव सोडायची मुभा नाही! मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरीला किसान सभेची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच आदिवासी मारले गेले. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलं नसेल तर जरूर वाचा.

हे सगळं सायकलच्या लेखात कशाला? कारण ‘मी एकटा निघालो आणि जगाने मला घरात घेतलं’ हे वाक्य प्रत्येक सायकलप्रवाशाच्या लिखाणात असतं. ते खरंही असतं. पण कोणाला घरात घेतलं जातं आणि कोणाला ओट्यावरूनच परत पाठवलं जातं, हे फक्त त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर ठरत नाही.

आजचंही उदाहरण इथलंच आहे. डहाणू-तलासरीची कितीतरी माणसं दिवाळीनंतर घर सोडतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी बांधकामावर, कोणी गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून. त्यांचीही सामानाची यादी छोटीच. टोप, तांदूळ, ताडपत्री, अंगावरचे कपडे. ‘लाइटवेट पॅकिंग’ यांना शिकवायला नको. पण खोल समुद्रात दिसत नसलेली एक रेषा असते. ती ओलांडली म्हणून पकडले गेलेले इथले खलाशी कराचीच्या तुरुंगात अडकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. दोन देशांत २००८ चा एक करार आहे. त्यानुसार दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्हीकडच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या जातात. डहाणूच्या एखाद्या झोपडीत त्या यादीची वाट बघितली जाते. १९२३ मध्ये मुंबईचा मुलगा त्याच दिशेने सायकलवर जाऊ शकत होता. आज जमिनीवरूनही ती वाट सरळ नाही. अटारीची चौकी तर एप्रिल २०२५ मध्ये बंदच झाली. रस्ते शंभर वर्षांत कितीतरी सुधारले, वाट मात्र आखूड झाली.

तर मंडळी, मग तयारी करायची ती कशाची?

डर्व्हला मर्फी ही आयरिश बाई जानेवारी १९६३ मध्ये एकटीच सायकलने निघाली आणि इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान पार करून जुलैत दिल्लीला पोचली. तिच्याकडेही पिस्तूल होतं, पण मला भावलेली तिची तयारी वेगळी. निघण्याआधी तिने जादा टायर पोस्टाने पुढच्या मुक्कामांवर, ब्रिटिश वकिलातींत पाठवून ठेवले होते. सायकलवरचं वजन कमी, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘तुझं काहीतरी इथे आलंय’ म्हणणारं कोणीतरी. याला म्हणतात प्लॅनिंग!

आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरची प्रदक्षिणा करून आली, तेव्हा ती जेमतेम वीस वर्षांची होती. सरासरी दिवसाला १८० च्या वर. स्पेनमध्ये चाकूचा धाक दाखवून तिला लुटलं, तरी ती पुढे गेली. ते विक्रमाचं गणित आहे, आणि त्याला सलाम. पण तुमच्या-माझ्यासारख्या, सहा महिन्यांची सुट्टी कशीबशी मंजूर करून घेणाऱ्या माणसाने गणित ४४ चं धरावं. ४४ ने ५,००० किलोमीटरला ११४ दिवस लागतात. बऱ्याच देशांचा टुरिस्ट व्हिसा तीनेक महिन्यांत वापरावा लागतो. म्हणजे घरून काढलेला व्हिसा तुम्ही पेडल मारत तिथे पोचेपर्यंत मेलेला असतो! वाटेत कुठल्या शहरात, कुठल्या वकिलातीत, किती दिवस थांबून नवा काढायचा, हे एक्सेलमध्ये चमच्याच्या वर यायला हवं. तीच गोष्ट माणसांची. १९९३ पासून वॉर्मशॉवर्स नावाचं सायकलवाल्यांना घरी ठेवून घेणाऱ्यांचं जाळं आहे. ते वापरा, पण त्याआधी स्वतः यजमान व्हा. दुसऱ्याचा दमलेला, घामट सायकलवाला एक रात्र सांभाळला की पाहुणा म्हणून कसं वागावं ते आपोआप कळतं.

आणि रंगीत तालमीसाठी डहाणू-तलासरीसारखी जागा नाही. पालघरहून बोईसर, चिंचणी करत डहाणू. दुसऱ्या दिवशी समुद्राकाठाने बोर्डी, घोलवड. वेळ असेल तर पायी बहरोटचा डोंगर. मग हद्द ओलांडून संजाण आणि तिथून तलासरी. हायवे शक्यतो टाळा, तिथले ट्रेलर तुमची वाट बघत नाहीत. नियम दोनच. खायची-राहायची सोय आधी ऑनलाइन बुक करायची नाही, आणि निदान तीन अनोळखी माणसांशी अर्धा-अर्धा तास बोलायचं. वाडीत फळं भरणाऱ्या बाईशी बोला, खलाशाच्या म्हाताऱ्या बापाशी बोला. ‘कुठून आलात, कशाला आलात, एकटेच का?’ हे प्रश्न ते विचारतीलच. त्यांना पटेल असं उत्तर देता आलं पाहिजे. पुढे हजारो किलोमीटर हेच तीन प्रश्न वेगवेगळ्या भाषांत येणार आहेत.

दमलात तर २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल आहे, घरी परत या. खंडावर ही सोय नाही. तिथे संध्याकाळी पाच वाजता, पाय दुखत असताना, अनोळखी गावात एखादं दार ठोठवावं लागतं, आणि ते दार उघडण्यामागे कोणाचा तरी शंभर-दोनशे वर्षांचा इतिहास असतो. तो थोडा तरी ठाऊक असावा, एवढंच.

चमचा कुठलाही चालेल.